बेकरीपर्यंतची गाडी

इकडे जर्मनीत पेट्रोलचा भाव रोज संध्याकाळी उतरतो हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. सकाळी पंपाच्या पाटीवर जो आकडा चढलेला असतो तो कामावर निघालेल्या, अडलेल्या माणसांसाठी. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ज्याला अक्कल आहे तो दिवस कलेपर्यंत कळ काढतो. रोसवितानं तर उभ्या आयुष्यात सकाळी पेट्रोल भरलं नव्हतं. ती आणि कुंपणापलीकडची इर्मट्राउट एकमेकींना भाव सांगत, जसे इतर लोक हवापाण्याचं बोलतात.

"पुलाजवळच्या पंपावर दोन सेंटनं उतरलंय गं," इर्मट्राउट म्हणायची.

"उतरू दे. अजून उतरेल," रोसविता म्हणायची आणि थांबायची.

अशा बाईच्या अंगणात ती गाडी उभी असावी, याला काय म्हणावं! दिसायला साधी, करड्या रंगाची कॉम्बी. लांब पाठीची, मागे बाबागाडी, कुत्रा, कपाट काय हवं ते मावेल अशी. संसारी माणसाची गाडी. पण झाकणाखाली पाचशे घोडे, आणि ते घोडे काही वाऱ्यावर जगत नव्हते. साधं पेट्रोल त्यांना चालत नसे, सगळ्यात महागाचं लागे. टायर एवढे रुंद, की चार बदलायचे म्हणजे दोघांची समुद्रकाठची सुट्टी गेली म्हणून समजायचं. विमा वेगळा, कर वेगळा. एका वर्षी ब्रेकच्या चकत्या बदलल्या, त्याचं बिल पाहून रोसविता मटकन खुर्चीत बसली होती.

"अरे, एवढ्यात माझा ओटा झाला असता!" ती म्हणाली होती. "नवी शेगडी, नवा नळ, सगळं!"

"ओट्याला ब्रेक लागत नाहीत," फोल्कमार म्हणाला होता आणि पेपर वाचायला बसला होता.

फोल्कमार तिचा नवरा. गाड्यांच्या कारखान्यात रंगकाम खात्याचा फोरमन. साहेबांनी वर्षभर वापरलेली ही गाडी कामगारांच्या सवलतीत मिळाली म्हणून त्यानं घेतली होती, अकरा वर्षांपूर्वी. माणूस शांत. शांत म्हणजे किती, तर तीस वर्षांच्या संसारात त्याचा आवाज चढलेला तिनं ऐकला नव्हता. "माझा नवरा म्हणजे बर्फाची लादी," ती इर्मट्राउटला सांगायची. त्यात अर्धा अभिमान असायचा आणि अर्धी कुरकुर.

त्याच्या एका खोडीवर मात्र तिचा फार राग. कामावरून येताना महामार्ग सोडला की घर उजवीकडे, हाकेच्या अंतरावर. हा डावीकडे वळायचा. द्राक्षमळ्यांतून टेकडीला वळसा घालून, बैलगाडीच्या चालीनं, पंधरा-वीस मिनिटांनी घरी यायचा. रोज. विचारलं तर म्हणायचा, "जोरात पळालेली गाडी लगेच बंद करू नये. आतलं तेल करपतं. शेवटी हळू चालवून थंड करायची असते."

"आणि त्या थंड करण्याचं पेट्रोल?"

"ते लागतंच."

"द्राक्षांना नमस्कार करायला जातोस, दुसरं काय! पैसा धुरात घालवायचा आणि वर तेलाचं नाव सांगायचं."

यावर तो हसायचा आणि हात धुवायला जायचा.

हे सगळं मागच्या मार्चपर्यंतचं. मार्चमध्ये फोल्कमारला हृदयाचा झटका आला. छाती उघडली, शिवली, माणूस घरी आला. कारखान्यानं निवृत्तीचे कागद केले, सहकाऱ्यांनी वाइनची टोपली पाठवली, डॉक्टरांनी वर्षअखेरपर्यंत गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. त्याच महिन्यात रोसविताची छोटी गाडी सरकारी तपासणीत नापास होऊन भंगारात गेली. राहिली ही.

आणि राहिला फोल्कमार, खिडकीशी. सकाळी उठायचा, दाढी करायचा आणि रस्त्याकडच्या खिडकीत बसायचा. विचारलं तर बोलायचा, वाढलं तर खायचा. मसूर आणि श्पेट्झलेच्या शेवया हा त्याचा जीव की प्राण, तेही "छान झालंय" म्हणून अर्धं टाकायचा. रोसविता त्याला तळहातावरच्या फोडासारखी जपत होती. जेवणात मीठ नाही, घरात मोठ्यानं रेडिओ नाही, पाहुण्यांना दारातूनच रामराम. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, थोडं चढावरही. चढाचं नाव काढलं की हिच्याच छातीत धडधडायचं. म्हणून ती त्याला चर्चपर्यंत न्यायची आणि परत आणायची. सगळा सपाट रस्ता.

बेकरी आणि औषधाचं दुकान तसं पायी जाण्याजोगं. पण पायी गेलं तर जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तास हा घरी एकटा. त्या वेळात काही झालं तर? म्हणून ती गाडी काढायची. त्या अवाढव्य गाडीत बसून, जीव मुठीत धरून, ब्रेत्सेलचे पाव आणायला जायची. पायडलवर पाय असा ठेवायची, जसं खाली अंडं आहे. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा कधी दोन हजारांच्या वर जाऊ दिला नाही. आणि तरीही समोरच्या काचेवर गाडी आकडा दाखवायची: शंभर किलोमीटरला एकवीस लिटर.

"एकवीस!" ती इर्मट्राउटला सांगताना कपाळावर हात मारायची. "मी चालवते मुंगीसारखी आणि ही पिते हत्तीसारखी. त्याच्या हाताखाली किती पीत असेल, देवच जाणे!"

"विकून टाक ना गं. पेन्शनीत असला हत्ती कोण पोसतं?"

बोलण्यात तथ्य होतं. पेन्शन म्हणजे पगार नव्हे. पण गाडी त्याची. तिनं भीतभीतच विषय काढला. वाटलं होतं, निदान आता तरी माणूस भांडेल. फोल्कमारनं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "विक."

"खरंच?"

"मला काय करायचीय?"

रोसविताला हवं ते मिळालं होतं, आणि त्या रात्री तिला झोप आली नाही. जो माणूस टायरमधली हवासुद्धा दुसऱ्याला बघू देत नव्हता, तो "विक" म्हणतो. गाडी जाते त्याचं दुःख तिला नव्हतं, ती खोटं कशाला बोलेल. पण नवरा जातोय, रोज थोडा थोडा, तिच्या डोळ्यांदेखत, आणि तिला तो कुठून धरावा ते कळत नव्हतं. निदान खर्चाची काळजी तरी त्याच्या डोक्यावरून जाईल, तिनं मनाची समजूत घातली. जाहिरात दिली.

स्टुटगार्टहून एक गिऱ्हाईक आलं. ऑट नावाचा तरणा दातांचा डॉक्टर, पायात कोरे करकरीत बूट. सकाळची थंडी, गाडी रात्रभर उभी. त्यानं बटण दाबलं आणि इंजिन धड जागं होण्याआधीच पायडल तळाला नेलं. गाडी अशी गरजली, की इर्मट्राउट झाडू घेऊन बाहेर आली. ऑट खूश. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही. रोसविताची नजर खिडकीकडे गेली तर फोल्कमारचा हात छातीवर. ती धावतच आत गेली.

"काय होतंय? गोळी देऊ? डॉक्टरांना...?"

"काही नाही. थंडगार इंजिन आहे," तो म्हणाला. "कशाला ओरबाडतोय तिला?" आणि हात खाली घेतला.

भाव ठरला. ऑटनं घासाघीस केली नाही, तेव्हाच खरं रोसविताला कळायला हवं होतं की कमी मागितले. पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पैसे घेऊन येतो म्हणाला.

तो शनिवार उजाडला. रोसविता नेकीची बाई. दुसऱ्याला द्यायची वस्तू स्वच्छ करून द्यावी, ही तिच्या आईची शिकवण. तिनं गाडी आतून-बाहेरून पुसली, गालिचे झटकले, मग झाकण उघडून तेल मोजायची पट्टी काढली. पट्टी पुसायची, घालायची, परत काढायची. हे तिला येत होतं. बघते तर काय, तेल वरच्या खुणेच्याही वर! तिनं परत पुसून परत बघितलं. तेवढंच.

ती हरखलीच. फोल्कमारच्या हाताखाली ही गाडी तेलसुद्धा प्यायची, दर दोन-तीन महिन्यांनी तो बाटलीतून ओतायचा आणि ती बाटलीचे पैसे मोजायची. आणि इथं एप्रिलपासून थेंब घातला नाही, तरी तेल वाढलेलं! पट्टी फडक्यात धरून ती तशीच खिडकीपाशी गेली.

"बघ! बघ, गाडी कशी चालवायची असते ते! तुझ्या हाताखाली तेल कमी व्हायचं. मी सहा महिने जपून चालवली, तर कमी होणं सोडाच, वाढलंय!"

फोल्कमारनं पट्टी हातात घेतली. नाकाशी नेली. हुंगली. मग तिच्याकडे बघितलं, परत पट्टीकडे बघितलं, आणि त्याच्या नाकातून एक आवाज आला. रोसविताला आधी वाटलं, श्वास अडकला. पण तो हसत होता. मार्चपासून पहिल्यांदा. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, शिवलेली छाती एका हातानं दाबून धरून तो हसत होता.

"अगं, तेल वाढत असतं तर अरब कशाला खणत बसले असते?"

"मग हे काय आहे?"

"पेट्रोल. हुंग ना. तुझं ते संध्याकाळी भरलेलं, दोन सेंट वाचवलेलं पेट्रोल." तो डोळे पुसत म्हणाला. "थंड इंजिन जास्त पेट्रोल ओढतं. थोडं न जळता खाली तेलात उतरतं. गाडी नीट तापली की ते उडून जातं. तू तिला तापूच दिली नाहीस. बेकरी आणि घर, बेकरी आणि घर. ऊब येण्याआधीच बंद."

"मी जपत होते!" रोसविताचा चेहरा पडला.

"हो ना. जपून जपून मारलीस."

हसणं थांबलं आणि तो उठला. स्वतःहून उठला, जॅकेट घातलं. "असं तेल पोटात ठेवून गाडी दुसऱ्याला द्यायची नाही. ही फसवणूक झाली. त्या कोऱ्या बुटाला सांगू, आधी तेल बदल. पण निदान आतलं पेट्रोल तरी उडवून देऊ. महामार्गावर घालून तापवायला हवी. चल."

"कोण चालवणार?"

"मला बंदी आहे. तू."

"मी? महामार्गावर? ही?"

"मग इर्मट्राउटला बोलावू का?"

रोसविता बसली गाडीत. काय करणार! माणूस सहा महिन्यांनी खिडकी सोडून उठला होता. तो म्हणाला असता चंद्रावर चल, तरी तिनं वाटेत पंप कुठं आहे एवढंच विचारलं असतं.

सुरुवातीला त्यानं तिला हळूच चालवायला लावली. गावातून, मग नेकर नदीच्या काठानं. "घाई नको. आधी पाणी तापतं, तेल मागून तापतं. तेलाचा काटा बघ, पाण्याचा नको." द्राक्षतोडणीचे दिवस, ट्रॅक्टर मध्येच आडवे यायचे, ती मागे थांबायची. मग वुर्झबुर्गकडे जाणारा महामार्ग लागला, तेलाचा काटा मधे येऊन बसला, आणि वेगाची मर्यादा संपल्याची पाटी मागे गेली.

"आता दाब," फोल्कमार म्हणाला.

तिनं दाबलं. थोडंच. गाडीनं एक सुस्कारा टाकल्यासारखं केलं आणि पुढे झेपावली. एकशेतीसवर गाडी अशी निवांत झाली, जणू आता कुठे तिला बसायला जागा मिळाली. रोसविताची नजर सवयीनं काचेवरच्या आकड्याकडे गेली.

"हा आकडा बिघडलाय," ती म्हणाली. "अकरा दाखवतोय."

"बरोबर आहे तो."

"अकरा? एवढ्या जोरात जाऊन अकरा? आणि बेकरीला एकवीस?"

"तुला वाटलं, जपलं की वाचतं."

तो हसून म्हणाला खरा, पण तिला ते लागलं. सहा महिने तिनं काय केलं होतं? अंड्यावर पाय ठेवून चालवली होती, रोज रात्री मनात हिशेब केला होता, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त पेट्रोल जाळलं होतं. वर तेल नासवलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला, आणि स्वतःचा संताप माणूस दुसऱ्याच्याच पदरात टाकतो.

"मला अक्कल शिकवू नकोस! माझा ओटा गेला या गाडीच्या ब्रेकांत. तुझ्या बापाच्या वेळची शेगडी आहे ती, एक चूल पेटते, एक पेटत नाही. मी कधी बोलले?"

"रोज बोललीस!"

"मग बोलणारच! आणि आता? सहा महिने तू खिडकीत. मी दगडाशी संसार करतेय का? 'छान झालंय, छान झालंय', आणि ताट अर्धं! मेला असतास तर निदान रडून मोकळी झाले असते!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. गाडी एकशेसाठवर गेली होती. तिला कळलंही नव्हतं.

आणि मग तीस वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं. फोल्कमार ओरडला.

"मग मला नेतेस कुठे तू? चर्च आणि घर! चर्च आणि घर! मीठ नाही, माणूस नाही, चढ नाही! डॉक्टर म्हणाला चढ चढ, तू मला सपाटीवर फिरवतेस! मीसुद्धा बेकरीपर्यंतचीच गाडी झालोय! माझ्याही पोटात काय काय साचलंय, ते बघायला पट्टी नाही एवढंच!"

"मला भीती वाटते!" रोसविता किंचाळली. "त्या हॉस्पिटलच्या खुर्चीत मी रात्रभर बसले होते, कळलं? तुला नळ्या लावल्या होत्या. तुला काय, तू झोपला होतास! मला परत त्या खुर्चीत बसायचं नाही!"

ती रडत होती आणि गाडी चालवत होती, दोन्ही नीट. पुढचा रस्ता मोकळा होता. काटा दोनशेला टेकला, थोडा पलीकडे गेला. फोल्कमारनं हळू कर म्हटलं नाही. पेट्रोलचा आकडा कुठं पोचला ते दोघांपैकी कुणी बघितलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं एका फाट्याकडे बोट दाखवलं. तिनं गाडी वळवून परतीच्या रस्त्याला घातली. गावाचा फाटा आला, तिनं महामार्ग सोडला आणि उजवीकडचा दिवा लावला. घर उजवीकडे.

"डावीकडे घे," फोल्कमार म्हणाला.

"पाच वाजत आले. तो माणूस येईल."

"येऊ दे. डावीकडे. गाडी गरम आहे."

तिनं नाक ओढलं आणि डावीकडे घेतली. द्राक्षमळ्यांतला अरुंद रस्ता टेकडीला चढू लागला. काचा खाली केल्या तसा आंबूस गोड वास आत आला. बांधावर तोडणीवाले बायाबाप्ये कांद्याचा केक खात बसले होते, त्यातल्या एकानं गाडी ओळखली आणि फोल्कमारला हात केला. फोल्कमारनंही केला.

"हे तुला ओळखतात?" रोसवितानं विचारलं.

"तीस वर्षं रोज बघतात."

"तीस? ही गाडी तर अकरा वर्षांपूर्वी घेतली."

तो समोर बघत बोलू लागला.

"आधीच्या गाड्यांना याची गरजच नव्हती. तरी यायचो. तेव्हा तुला सांगायचो, रस्त्याला गर्दी होती. या गाडीला खरंच थंड करावं लागतं, मग खोटं बोलायचं कारण राहिलं नाही, एवढंच." त्यानं गुडघ्यावर हात घासले. "माझ्या हाताखाली ऐंशी माणसं. रंगाला एक फोड आला, की गाड्यांचा पट्टा थांबतो. पट्टा थांबला की वरून साहेब ओरडतो आणि मी खाली ओरडतो. मी ओरडायचो, रोसविता. तू ऐकलं नाहीस कधी, पण मी घाण घाण बोलायचो. फाटकातून बाहेर पडलो तरी डोकं तापलेलंच असायचं. माझा बाप लोखंडाच्या ओतशाळेत होता ना. त्याची सायकल होती. फाटक ते आमचं दार पाच मिनिटं. पाच मिनिटांत माणूस थंड होत नाही. तो तसाच गरम घरात यायचा, आणि मग दारात जो सापडेल तो. बहुतेक वेळा आई."

रोसवितानं गाडी जवळजवळ थांबवलीच.

"म्हणून मी इथून यायचो. वरच्या वळणावर आलं की जरा बरं वाटायचं. खालच्या वळणावर आलो की माणसात यायचो. मग घरी यायचो."

तीस वर्षं. बर्फाची लादी, ती म्हणायची. चारचौघांत हसून सांगायची, माझा नवरा जन्माचाच थंड. तो जन्माचा नव्हता, रोज संध्याकाळी होऊन यायचा. तिच्यासाठी व्हायचा. आणि ती दारात उभी राहून त्याला लिटरचा हिशेब विचारायची. द्राक्षांना नमस्कार करतोस, म्हणायची. त्या पंधरा मिनिटांच्या पेट्रोलावर तिचं अख्खं घर चाललं होतं, भिंतीला एक ओरखडा न पडता, आणि ते तिला आज कळत होतं.

"मला सांगायचं नाहीस?" एवढंच ती म्हणाली.

"काय सांगणार? की मी बापासारखाच आहे म्हणून?"

"नाहीस तू बापासारखा."

"वळसा घातला म्हणून नाही."

खालचं वळण आलं. मळे संपले, गल्ली लागली. दुरून घर दिसलं. दारात ऑट उभा होता, कोरे बूट, काखेत पैशांची कातडी पिशवी. शनिवारची गल्ली झाडण्याची पाळी इर्मट्राउटची, त्यामुळे तीही झाडूवर हनुवटी टेकून तिथंच. गाडी बघून ऑटचा चेहरा उजळला, त्यानं हात वर केला.

फोल्कमारनं वाकून काटा बघितला. "तेलाचा काटा खाली आला," तो हळूच म्हणाला. "आता बंद केलीस तरी चालेल."

रोसवितानं गाडी आणखी हळू केली. ऑट एक पाऊल पुढे आला. आणि ती त्याच्यासमोरून, इर्मट्राउटसमोरून, स्वतःच्या फाटकासमोरून सरळ पुढे निघून गेली.

"अगं, घर मागे राहिलं!"

"दिसतंय मला."

"मग? तेल थंड झालंय, सांगितलं ना."

"तेल झालं असेल," रोसविता म्हणाली आणि मनगटानं डोळे पुसले. "मी नाही झाले."

फोल्कमारनं मागे वळून बघितलं. ऑटचा हात अजून हवेतच होता. फोल्कमारनं खिडकीतून आपला हात बाहेर काढून त्याला सावकाश हलवला, आणि नीट सरळ बसला.

"त्याला काय सांगायचं?" त्यानं विचारलं.

"सांगू, गाडी घरी लागते. आणि उगाच खुशीत येऊ नकोस. नोव्हेंबर ते मार्च नंबरपाटी उतरवायची, पाच महिन्यांचा कर आणि विमा वाचतो. बेकरीला आता पायी जायचं."

"तू?"

"आपण. आणि बेकरीच्या पुढे ती चर्चमागची टेकडी आहे ना, तिथवर."

"तिथं चढ आहे."

"माहितीये," ती म्हणाली. तिनं डावीकडचा दिवा लावला, आणि गाडी परत मळ्यांच्या रस्त्याला वर चढू लागली.